चौथ्या खांबाचे तीन इंच

आमच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या गृहस्थांना सगळं गाव ओळंबेराव म्हणतं. तोंडावर नाही हं. तोंडावर 'काका', नाहीतर 'मिस्त्रीसाहेब'. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे टोकदार पितळी वजन सोडतात, तो ओळंबा. काका रेल्वेत पुलाचे मिस्त्री होते. नोकरी सुटली, पण ओळंबा काही खिशातून सुटला नाही. कुणी चहाला बोलावलं तरी हे आधी दाराच्या चौकटीला ओळंबा लावणार, मान हलवणार आणि मग चहा पिणार, तोही चौकटीला नावं ठेवत ठेवत. मी झेरॉक्सचं दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून आले. कागद एक काढला नाही. फळीला ओळंबा लावला आणि म्हणाले, "अर्धा इंच डावीकडे गेलीय. पडेल." त्याला एकवीस वर्षं झाली. फळी आहे तिथे आहे. काका अजून महिन्यातून एकदा येतात आणि ती पडली नाही म्हणून तिच्याकडे खुन्नसने बघून जातात.

अंगाने उंच, वाळके, मान ताठ. सत्त्याहत्तराव्या वर्षीही चपला घालायला वाकत नाहीत. काकू पायाशी सरकवतात. वाकायचं काम या माणसाने आयुष्यभर एका दगडी खांबावर सोपवलं होतं. त्या खांबाची आणि यांची ही हकीकत.

आधी लाइनीचा इतिहास. तो छापीलही आहे. नगरपालिकेने पुस्तिका काढली, तिच्या तीनशे प्रती माझ्याच मशीनवर निघाल्या, म्हणून नाइलाजाने मला तो पाठ आहे. त्यात 'प्रगतीची लोहवाहिनी' वगैरे शब्द आहेत. खरी गोष्ट अशी, की नदीपलीकडे चुनखडीची खाण होती आणि तिथला दगड बाहेर काढायला कुणा साहेबाने मुख्य लाइनीपासून बत्तीस मैलांची एक फांदी टाकली. माणसं नेणं त्यात नव्हतंच. माणसं आपली दगडाबरोबर गेली. पूल बांधायचा होता बाजाराजवळ, जिथे नदी अरुंद आहे. पण साहेबाचा तंबू दोन किलोमीटर वर होता, तिथे झाडं होती, सावली होती. रोज उन्हात खाली कोण येणार? पूल वर बांधला. नदी तिथे दुप्पट रुंद, म्हणून चार गाळ्यांच्या जागी सात गाळे आणि तीन खांबांच्या जागी सहा. पुलामागे स्टेशनही वर गेलं. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक पिढीने सामान डोक्यावर घेऊन अर्धा तास चालत गाडी पकडली, आणि बरेचदा नाही पकडली. एवढ्या मूर्खपणाला शंभर वर्षं झाली की त्याला वारसा म्हणतात.

गाडी दिवसातून दोनदा. सकाळी जायची, संध्याकाळी यायची. लाकडी बाकं, बंद न होणाऱ्या खिडक्या, पुढे इंजिन आणि मागे दगडाच्या वाघिणी. तरी आम्हाला तिचा कोण अभिमान! पाहुणा आला की पूल दाखवायला न्यायचा आणि पाहुणा परत निघाला की गाडी चुकवायची.

या पुलावर काका मिस्त्री होते. काम म्हणजे हातोडीने रिव्हेट ठोकून बघणं आणि दर तीन महिन्यांनी खांब मोजणं. हे मोजणं कसं ते समजून घ्या, कारण सगळं तिथेच अडलंय. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक लोखंडी आकडा. त्याला दोरी अडकवून ओळंबा खाली पायथ्यापर्यंत सोडायचा. पायथ्याच्या दगडात बांधणाऱ्यांनी छिन्नीने एक खाच कोरलेली, आणि ती लांबून दिसावी म्हणून तिच्यावर पांढरा पट्टा आणि मधोमध काळी रेघ. ओळंब्याचं टोक रेघेवर आलं म्हणजे खांब सरळ. रेघेपासून जितकं बाजूला, तितका खांब कललेला. काका वहीत मांडायचे. पहिला खांब शून्य, दुसरा शून्य, तिसरा शून्य. अकरा वर्षं शून्य शून्य लिहून माणूस कंटाळला नसेल तर नवल.

मग एका तिमाहीला चौथ्या खांबापुढे आकडा आला. तीन इंच.

त्या दिवशीच्या संध्याकाळच्या गाडीत मी होतो. तेवीस वर्षांचा, खिडकीत. पूल यायच्या आधी कचकन ब्रेक लागला आणि माझं कपाळ समोरच्या मावशींच्या कोंबड्यांच्या टोपलीवर आपटलं. बाहेर बघतो तर रुळांच्या मधोमध काका, हातात लाल बावटा, मान ताठ. ड्रायव्हर खाली उतरून यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायला लागला. काका त्याला म्हणाले, "चौथा खांब तीन इंच गेलाय. पुढे जायचं असेल तर मला चिरडून जा."  गाडीतून आम्ही एकूण बासष्ट माणसं उतरलो, कोंबड्या वेगळ्या. काकांच्या तोंडून ही गोष्ट आज ऐकाल तर चारशे माणसं असतात, त्यातली निम्मी बायकामुलं, आणि गाडीचं पुढचं चाक पुलावर चढलेलं असतं.

चौकशीला मोठे इंजिनिअर आले. ट्रॉलीवर बसून, छत्री धरून. पुलाच्या मधोमध थांबून त्यांनी वरूनच खाली बघितलं. लोखंडी शिडीने चाळीस फूट उतरायला ऊन फार होतं.

"मिस्त्री, किती?"

"तीन इंच, साहेब."

"नक्की?"

"ओळंबा खोटं बोलत नाही, साहेब."

झाली सही. हुकूम निघाला, की पुलावरून गाडी रिकामी न्यायची, तीही माणूस चालेल इतक्या वेगाने. म्हणजे काय व्हायचं, तर अलीकडे गाडी थांबायची, आम्ही उतारू पुलाच्या बाजूच्या फळ्यांवरून चालत पलीकडे जायचो, चहा प्यायचो, आणि आमच्या मागून गाडी हुश्श हुश्श करत यायची, मालकामागून दमलेली म्हैस यावी तशी. वाघिणी अर्ध्याच भरायच्या. खाणवाल्यांनी ट्रक घेतले. अर्धी वाट चालायचीच तर तिकीट कशाला, म्हणून लोक बसकडे वळले. तीन वर्षांत लाइन बंद. रूळ उपटून नेले. पूल तेवढा राहिला, कारण उचलून न्यायला जड.

आणि गावाने काकांना डोक्यावर घेतलं. लाइन गेली ती गेली, पण जीव वाचले! माझी आई मरेपर्यंत सांगायची, "तू आहेस तो त्यांच्यामुळे." कोंबड्यांच्या टोपलीवर आपटलेल्या कपाळाचंही श्रेय त्यांनाच.

या लाइनीबरोबर आणखी एक गोष्ट बंद पडली, तिचा छापील इतिहासात उल्लेख नाही. काकांची लेक. सकाळच्या गाडीने बत्तीस मैल जाऊन ती नर्सचं शिक्षण घेत होती, संध्याकाळच्या गाडीने परत. तीन वर्षांचा कोर्स. दुसरं वर्ष संपलं आणि गाडी संपली. बस उलट्या वेळेला. वसतिगृहात ठेवा म्हणून काकू पदर पसरून सांगत होत्या, तर काका म्हणाले, "मुलगी घराबाहेर राहणार नाही." संपला विषय. पुढे तिचं लग्न नदीपलीकडच्या खाणवस्तीत एका बेकरीवाल्याशी झालं. आज ती नदीच्या आमच्या बाजूच्या दवाखान्यात आया आहे. जी सुई स्वतः टोचायची, तिचा ट्रे ती आता नर्सच्या हातात देते. सकाळी सातची पाळी. खाणवस्तीतली तीनशे घरं पुलावर फळ्या टाकून ये-जा करतात, तशीच तीही. दुपारी साडेबाराला दवाखान्यातून सुटली की आईबापांना डबा देते, काकूंच्या गुडघ्यांना तेल लावते आणि पुलावरून परत जाते.

तर गेल्या वर्षी नगरपालिकेला जाग आली. कशाने आली? भंगारवाल्याने केलेल्या लोखंडाच्या हिशेबाने. सात गाळ्यांचे गर्डर म्हणजे केवढं लोखंड! पण वापरातला पूल मोडायचा कसा? मग कुणीतरी जुनी फाइल काढली. चौथा खांब कललेला, मोठ्या साहेबांची सही. म्हणजे पूल धोकादायक. धोकादायक म्हणजे पाडणं हे कर्तव्य. नव्याने मोजा, असं एकाही शहाण्याने म्हटलं नाही. नव्याने मोजलं तर नव्याने विचार करावा लागतो. आणि लोकांनी ओरडू नये म्हणून अध्यक्षांनी डोकं लढवलं, की पूल पाडण्याची घोषणा आणि ओळंबेरावांना मानपत्र एकाच समारंभात द्यायचं. ज्याने धोका ओळखला त्याचा सत्कार करायचा आणि त्याच्याच तोंडून पुलाला निरोप द्यायचा.

पत्र आलं त्या दिवशी काका गल्लीत तीन चकरा मारून गेले. पत्र सहज दिसेल असं खिशात.

चार दिवसांनी त्यांची लेक माझ्या दुकानात आली. खाणवस्तीचा अर्ज, पूल पाडू नका म्हणून, दोनशे चौदा सह्या.

"दादा, पाच प्रती. आणि एक सांग, बाबांनी 'पूल चालायला ठीक आहे' एवढं लिहून दिलं तर?"

"तर अध्यक्षांची पंचाईत होईल."

"पूल पाडला तर रस्त्याने अठरा किलोमीटरचा वळसा आहे. पहिली बस नऊला. माझी पाळी सातची. नोकरी गेली म्हणून समज."

"मग सांग ना बापाला."

"सांगायलाच चाललेय."

भिंत आमची सामाईक आणि वीतभर जाड. कान द्यावाच लागत नाही. तो आपणहून जातो.

"बाबा, माणसं रोज चालतात हो त्याच्यावरून. काही झालंय का सव्वीस वर्षांत?"

"झालं नाही म्हणजे होणार नाही असं नाही."

"मग मला का जाऊ देता रोज?"

काका नुसते खाकरले. मग काकांचा तो बावटा धरल्यासारखा आवाज. "मी जे मोजलं ते मोजलं. लेकीची नोकरी जाते म्हणून आकडा बदलायचा?"

"आकडा नका बदलू. पुन्हा मोजा एवढंच म्हणतेय!"

"मोजायची गरज नाही."

दार आपटलं. काकूंचा आवाज आला, "डबा तरी घ्या." तो कुणाला उद्देशून होता कळलं नाही.

मला तेव्हाच काहीतरी खटकलं. जो माणूस चहाच्या कपालाही ओळंबा लावेल, तो म्हणतो मोजायची गरज नाही?

दोन दिवसांनी काका स्वतः दुकानात आले. मानपत्राशेजारी चौकटीत लावायला नगरपालिकेला त्यांच्या वहीतलं 'ते' पान हवं होतं. वही कापडी बांधणीची, कोपरे झिजलेले. पानात कागदाची खूण घातलेली.

"हे एकच पान काढ. बाकीची उघडायची नाहीत."

"छे हो काका, माझा काय संबंध."

"दुपारी नेतो." गेले.

आता तुम्हीच सांगा, मला असं सांगायचं असतं का? झेरॉक्सवाल्यापासून काही लपवायचं तर त्याला 'उघडू नको' एवढं सोडून काहीही म्हणावं. काका वळणावरून दिसेनासे झाले आणि मी वही पहिल्यापासून वाचायला घेतली.

अकरा वर्षं शून्य. मग उन्हाळ्यात एक ओळ होती, 'पुलाचे रंगकाम, ठेकेदारामार्फत. खांबांच्या खुणाही रंगवल्या.' आणि लगेच पुढच्या तिमाहीला चौथा खांब तीन इंच. त्यापुढच्या तिमाहीला तीन इंच. त्यापुढे तीन इंच. मला मोजमापातलं ओ की ठो कळत नाही, पण शंभर वर्षं ताठ उभा राहिलेला खांब एका तिमाहीत तीन इंच जातो आणि मग सूतभरही हलत नाही, हा कुठला खांब? मी पानं उलटत गेलो. लाइन बंद होण्याच्या चौदा महिने आधी, त्यांच्या त्याच कोरीव अक्षरात लिहिलेलं सापडलं. 'नदी आटली. खूण धुतली. शेवाळ खरवडले. पट्ट्याच्या डावीकडे तीन इंचांवर मूळ खाच सापडली. ओळंबा खाचेवर.' आणि त्याच्या खाली, दुसऱ्या शाईने, वर पाठवायचा आकडा. 'चौथा खांब, तीन इंच.'

त्यानंतर दर उन्हाळ्याला, लाइन बंद झाल्यावरसुद्धा, एक एक ओळ. 'पांढरा रंग, लहान डबा, एक.'

म्हणजे रंगाऱ्याने पट्टा चुकीच्या जागी मारला होता. खांब पहिल्यापासून सरळ. या गृहस्थांना ते कळलं, आणि हे दरवर्षी शिडी उतरून ती चुकीची खूण नव्याने रंगवत राहिले! इतकी वर्षं आम्हाला वाटे, काका काय निष्ठेने जातात हो पुलावर. काकू कौतुकाने रंगाचा डबा आणून ठेवायच्या.

दुपारी मी वही घेऊन पलीकडे गेलो. काकूंनी चहा टाकला. मी समोर बसलो आणि अगदी गरीब चेहरा करून विचारलं, "काका, तो खांब सव्वीस वर्षं तीन इंचांवरच का थांबलाय हो? मानपत्राची वाट बघत?"

काकांचा कप अर्ध्यावर थांबला. "तू वही उघडलीस."

"वाऱ्याने उघडली."

"तू झेरॉक्सवाला आहेस. तुला यातलं काय कळतं?"

"खाच सापडली एवढं मराठी कळतं."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. काकांना दिसत नव्हत्या, मला दिसत होत्या. मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो.

"रंगाऱ्याने खूण चुकवली," काका शेवटी म्हणाले. "मी रंगाऱ्यावर विश्वास ठेवला."

"ते पहिल्या दिवशीचं. खाच सापडल्यावर?"

"तोवर मोठ्या साहेबांची सही झाली होती. सही झालेला खांब मी सरळ कसा करणार?"

"बोलून!"

"आणि काय म्हणायचं? की गाडी थांबवली ती उगाच? बासष्ट माणसांना उतरवलं ते उगाच?" बासष्ट! पहिल्यांदा त्यांच्या तोंडून खरा आकडा निघाला. "गावात मुलं मला बघून सरळ उभी राहायची रे."

"आणि तुमची मुलगी तेव्हा गाडीने जात होती ना?"

त्यावर ते दाराकडे बघायला वळले, लेक तर आली नाही ना म्हणून, आणि तिथे काकू.  काकू पुढे आल्या, काकांच्या हातातला अर्धा भरलेला कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. पन्नास वर्षांच्या संसारात त्या माणसाचा चहा पहिल्यांदाच अर्धा राहिला असेल.

"समारंभात सांगा," मी म्हणालो, "नाहीतर मी पानं वाटतो. तीनशे प्रती काढायला मला अर्धा तास पुरतो."

ही धमकी होती, आणि मला ती देताना मजा आली, हे लपवत नाही.

समारंभाला सभागृह भरलेलं. शेवटच्या दोन रांगांत खाणवस्तीची माणसं, मधोमध काकांची लेक, दवाखान्याच्याच कपड्यांत. अध्यक्षांनी पुलाला 'वृद्ध योद्धा' म्हटलं आणि काकांना 'जागता पहारा'. मानपत्र दिलं, फुलं दिली, ध्वनिक्षेपक पुढे केला. काका सुरू झाले. लाल बावटा, ड्रायव्हर, 'मला चिरडून जा.' पुढच्या रांगेतली डोकी सवयीने हलायला लागली. मी मागे कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो होतो. काकांची नजर त्या गठ्ठ्यावर पडली. गठ्ठा कोरा होता, पण ते त्यांना काय माहीत.

"तर तो खांब," काका म्हणाले आणि थांबले. "खांब सरळ आहे. खूण चुकीच्या जागी रंगवली होती. रंगाऱ्याने. पूल चांगला आहे."

 मग अध्यक्षांनी पटकन ध्वनिक्षेपक ओढला. "काका भावनाविवश झालेत. पुलावरचं प्रेम! टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या हो! माणूस 'मी चुकलो' म्हणतोय आणि आमचं गाव टाळ्या वाजवतंय.

काकांनी ध्वनिक्षेपक परत घेतला. "टाळ्या बंद करा. उद्या सकाळी सात वाजता मी चौथ्या खांबावर उतरणार. ज्याला मोजता येतं त्याने यावं."

मागून एकजण ओरडला, "हे तुम्हाला कळलं कधी?"

काकांनी लेकीकडे बघितलं. "नंतर," म्हणाले आणि खाली बसले.

नंतर! चौदा महिन्यांचं सगळं पाप एका शब्दाखाली दाबलं. मला वाटलं होतं माणूस सुधारला. माणूस फक्त अर्धा सुधारला होता.

सकाळी काठावर शंभरएक माणसं जमली. उतरायला मात्र तिघंच. काका, मी, आणि नगरपालिकेची धाकटी इंजिनिअर, पंचविशीची मुलगी, जिला अध्यक्षांनी 'तब्येत बरी नाही म्हणून सांग' असं सुचवलं होतं, आणि ती नेमकी ठणठणीत होती. काका एकेक पायरी मोजत शिडी उतरले. शेवटच्या चार पायऱ्या मी आणि त्या मुलीने त्यांना अक्षरशः पोत्यासारखं उतरवलं. वरून कुणीतरी आकड्याला दोरी अडकवली. काकांनी छिन्नी मारली आणि रंगाचा पापुद्रा निघाला, अंगठ्याएवढा जाड. वर्षावर वर्ष चढवलेलं खोटं. त्याखाली कोरा, सपाट दगड. मग तीन इंच डावीकडे, शेवाळाखाली, खाच. ओळंब्याचं टोक थरथरलं, स्थिर झालं, आणि बरोबर तिच्यावर. मुलीने आपलं तिपाईवरचं यंत्र लावून तपासलं. "काका, केसाएवढाही फरक नाही." वस्तीतल्या बायका वरून ओरडल्या. पाडकाम थांबलं ते तिथेच, कारण त्या पोरीने खाली उभ्या उभ्याच फोटो काढून वरच्या कार्यालयाला पाठवून दिले होते.

पण गाव काय शांत बसतंय? दुपारपर्यंत काका 'गाडी गिळणारा' झाले. ज्यांनी जन्मात तिकीट काढलं नाही ते सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. 'आमची लाइन या माणसाने बंद पाडली!' साहेब छत्रीतून खाली उतरला नाही, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. साहेब सापडत नाही आणि काका गल्लीत राहतात. आई आज असती तर तिने मला कुणामुळे जिवंत समजायचं, हा प्रश्नही राहिलाच.

बापाच्या बाजूने भांडणारी एकच, ती लेक. माझ्याच दुकानात तिने एका पेन्शनवाल्याला धरला. "बाबांना कळलं तेव्हा लाइन बंद होऊन गेली होती! चूक रंगाऱ्याची. तुम्ही कधी खांबावर उतरला होतात का?" पेन्शनवाले कागद न घेताच पळाले. आणि बाकावर, सहीसाठी बोलावलेले काका बसून ऐकत होते.

इंजिनिअर मुलगी त्यांचा जबाब टाइप करून घेऊन आली होती. पूल पाडायच्या यादीतून कायमचा काढायचा तर मिस्त्रीचा जबाब आणि दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार मी आणि लेक. मुलगी भराभर वाचत गेली. "...रंगकामात खूण चुकली. सदर चूक लाइन बंद झाल्यानंतर माझ्या लक्षात आली. काका, इथे सही."

काकांनी पेन घेतलं. टोक कागदावर टेकवलं. मी मशीनशी खेळत होतो. वही त्या दुपारी मी परत घेऊन आलो होतो, ती अजून माझ्या खणात होती आणि ती कुणाला दाखवायची नाही, असं मी काकूंना वचन दिलं होतं. एवढंच एक वचन मी आयुष्यात पाळलं असेल, आणि तेही जेमतेम.

"हे खोडा," काका म्हणाले.

"काय खोडू?"

"नंतर नाही. आधी. चौदा महिने आधी."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, याने काही फरक पडत नाही. पूल वाचलाय. आहे तसं राहू दे."

"पुलाला नाही पडत." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "लिहा. लाइन बंद होण्याच्या चौदा महिने आधी लक्षात आली. कुणाला सांगितले नाही."

तिने पेनने दुरुस्ती केली. काकांनी बाजूला सही केली, खाली सही केली. मी केली. मग कागद लेकीपुढे आला. तिने ती ओळ वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं, महिने असावेत.

"तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते," ती म्हणाली.

"हो."

"मला गाडीपर्यंत सोडायला यायचात तुम्ही. रोज."

"हो."

मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या भांडणाकडे पाठ केली आणि मशीनमधला कागद बदलायला घेतला. कागद भरलेलाच होता. मागे पेनाचा आवाज आला. तिने सही केली होती, साक्षीदार क्रमांक दोन, पूर्ण नाव, नीट. पर्स उचलली.

"उद्या मी येणार नाही," ती म्हणाली. "परवा येईन."

  काकांनी इंजिनिअर मुलीला विचारलं, "अजून कुठे सही आहे का?"

परवा साडेबाराला ती आली. मी भिंतीला कान लावून होतो, खोटं कशाला सांगू. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. काकूंच्या खाटेजवळ स्टूल ओढल्याचा आला. काका दोनदा खाकरले. तिसऱ्यांदा खाकरले तेव्हा तिने विचारलं, "पाणी हवंय का?" आणि ते "हो" म्हणाले.